साहेबांची तब्येत बरी नाही

दुबईत आल्यापासून सतरा वर्षांत राजन पाष्टेने अर्ज पुष्कळ केले. पार्किंगच्या दंडाविरुद्ध केले, वरच्या मजल्यावरच्या गळक्या एसीविरुद्ध केले, शाळेच्या बसने बिल्डिंगच्या दाराशीच थांबावं म्हणून तर तीन केले. त्यातला एकही कोणी वाचल्याचं ऐकिवात नाही. सही-शिक्क्यासह मंजूर झाला तो एकच अर्ज, आणि नेमका तोच नामंजूर व्हायला हवा होता.

प्रकरण सुरू झालं बालसंसदेच्या यादीपासून. तिथल्या भारतीय शाळांमधली मुलं गोळा करून तीन दिवसांची लुटुपुटूची लोकसभा भरवायची, असा उपक्रम काही हौशी मंडळींनी काढला होता. अध्यक्ष, मंत्री, विरोधी पक्ष सगळं होतं. गोंधळसुद्धा वेळापत्रकात घातलेला होता: दुसऱ्या दिवशी अकरा दहाला सभात्याग, अकरा वीसला ज्यूस. राजनची मुलगी आभा नववीत होती आणि तिची निवड झाल्याचा मेसेज आला तेव्हा राजनने तो ऑफिसात चौघांना दाखवला. संध्याकाळी घरी येऊन त्याने यादी नीट वाचली. आभा पाष्टे या नावापुढे लिहिलं होतं, 'पेज'.

"म्हणजे काय?" त्याने बायकोला विचारलं.

मंजुषाने माहितीपत्रक उघडून वाचून दाखवलं. "सभागृहात सदस्यांच्या चिठ्ठ्या पोहोचवणे, कागद वाटणे, पाणी देणे, दारं सांभाळणे. सकाळी सहाला हॉल उघडायचा असल्यामुळे पेजेसनी तिन्ही दिवस निवासी राहावे. बाकी सदस्य रोज घरी जातील."

"म्हणजे शिपाई," राजन म्हणाला, आणि खिडकी बंद आहे ना, ते त्याने बघून घेतलं.

आता हा शब्द राजनला एवढा का लागला, ते सांगायला हवं. राजनचे वडील दत्ताराम पाष्टे मुंबईला विधान भवनात एकतीस वर्षं शिपाई होते. ही गोष्ट दुबईत मंजुषा आणि आभा सोडून कोणालाही ठाऊक नव्हती. राजन खोटं मात्र कधीच बोलला नव्हता. कोणी विचारलंच, तर "वडील विधान भवनात होते" एवढं म्हणून तो पटकन चिवड्याचा बकाणा भरायचा. भरल्या तोंडाच्या माणसाला पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. या पद्धतीने त्याने सतरा दिवाळ्या निभावून नेल्या होत्या.

"आभाला पेज? काही चूक झाली असणार," तो म्हणाला.

"नो मिस्टेक, बाबा," आभा म्हणाली. "इट वॉज माय फर्स्ट चॉइस. आजोबा इज टीचिंग मी."

दर रविवारी आभा बदलापूरला आजोबांना व्हिडिओ कॉल लावते हे राजनला माहीत होतं. त्या कॉलवर काय चालतं, हे ऐकायला मात्र त्याने कधी कान दिला नव्हता. आजोबांनी नातीला अख्खी नोकरी शिकवली होती. चिठ्ठीची घडी दोनदा घालायची. आत काय लिहिलंय ते बघायचं नाही, कोणी बघायला लावलं तरी बघायचं नाही. बोलणारा सदस्य आणि अध्यक्ष यांच्या मधून जायचं नाही, मागून वळसा घालायचा. घाई कितीही असो, पळायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पावलांचा आवाज नाही. "आपण आलो कधी न् गेलो कधी, ते साहेबाला कळताच कामा नये," आजोबा म्हणायचे. विधान भवनात असताना ते बुटांना चांभाराकडून मऊ रबराचे तळवे लावून घेत. आभाकडून त्यांनी कागदावर पाऊल आखून त्याचा फोटो मागवला होता. तिच्यासाठी तसलेच पांढरे बूट तयार होत होते.

राजनला यातलं काहीच हृद्य वाटलं नाही. त्याला दिसलं ते एवढंच की पेजेसची राहायची सोय हॉलला लागूनच, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कंपनीच्या स्टाफ अकोमोडेशनच्या रिकाम्या मजल्यावर आहे. एका खोलीत चौघी, वरखाली पलंग. राजन त्याच भागातल्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर होता आणि त्याचे फोर्कलिफ्टवाले बरोब्बर शेजारच्या इमारतीत राहत. आपली मुलगी पहाटे उठून हॉलची दारं उघडतेय आणि फोर्कलिफ्टवाला खिडकीत दात घासत बघतोय, हे चित्र त्याला चार दिवस छळत राहिलं.

शेजाऱ्यांचा सल्ला न मागताच आला. दुसऱ्या मजल्यावरचा सुजीत म्हणाला, "सरळ मुलगी आजारी पाड." एचआरमध्ये असलेल्या शुभ्रा वहिनींनी सांगितलं, की तक्रार करू नका, फीडबॅक द्या, आणि त्यात तीनदा 'एक्सायटेड' हा शब्द आला पाहिजे. समोरच्या दारातल्या हमदुल्ला काझींचं मत निराळं होतं. हमदुल्लाभाई मूळचे रत्नागिरीचे. देरा भागात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवता चालवता त्यांचे केस पांढरे झाले होते.

"राजनभाऊ, इथे तोंडाने बोलून काय होत नाय," ते म्हणाले. "टायपिंग सेंटरला जा. कागद टाइप झाला, शिक्का बसला, की खलास. आणि एक सांगू? माझ्या अयानचं नाव वेटिंग लिस्टवर आहे. त्याला पेज केलं ना, तर मी अख्ख्या मोहल्ल्यात खजूर वाटीन. पोरगं संसदेचं दार उघडणार म्हणजे काय चेष्टा आहे?"

माणसं कशावरून खूश होतील याचा नेम नाही, असा विचार करत राजन टायपिंग सेंटरला गेला.

पहिला अर्ज परत आला, कारण फोटोत आभाचे कान दिसत नव्हते. दुसरा परत आला, कारण आईची एनओसी हवी होती. मंजुषाने "मुलीला जे व्हायचंय ते होऊ दे की" असं म्हणत सही करायला दोन दिवस लावले. तिसरा परत आला, कारण शाळेचा शिक्का चौकोनी होता आणि लागत होता गोल. चौथ्या वेळी सगळं जुळलं, तेव्हा टायपिंग सेंटरच्या मल्याळी पोराने फॉर्मच्या तळातली ओळ वाचून दाखवली. भूमिकाबदल दोनच कारणांनी मिळेल: वैद्यकीय, किंवा घराण्याला संसदीय पार्श्वभूमी असल्यास.

"सर, मेडिकल डालूं?"

"नको. दुसरं टाका. फादर, लेजिस्लेचर, थर्टी वन इयर्स."

"पोस्ट?"

राजनने भिंतीकडे पाहिलं. तिथे चिवडा नव्हता.

"सीनिअर," तो म्हणाला.

यात खोटं काय होतं? एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस सीनिअरच असतो. अशी स्वतःची समजूत त्याने गाडीत बसेपर्यंत चार वेळा घातली.

तिसऱ्या दिवशी संयोजक अरुण सबनीसांचा फोन आला. हे गृहस्थ इतक्या उत्साहाने बोलत की समोरच्याला मधे श्वाससुद्धा घेता येत नसे. "अहो पाष्टेसाहेब, आधी नाही का सांगायचं! वडील एवढ्या मोठ्या जागेवर होते! सचिव होते का?"

"तसंच काहीतरी," राजन म्हणाला.

या दोन शब्दांसाठी माणसाला फार तर एक सेकंद लागतो. राजनला ते दोन शब्द पुढे कितीतरी दिवस परत गिळावेसे वाटले, पण तोवर त्यांची छपाई झाली होती. आभाची नेमणूक शिक्षणमंत्री म्हणून झाली. पेजची तिची जागा अयानला मिळाली आणि समोरच्या घरातून खरोखरच खजुराचा डबा आला. आणि उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे म्हणून, महाराष्ट्र विधिमंडळाचे माजी सचिव माननीय श्री. दत्ताराम पाष्टे यांना बोलावण्याचं एकमताने ठरलं.

"त्यांचे गुडघे दुखतात हो," राजन म्हणाला.

"व्हीलचेअर ठेवतो."

"विमानाची भीती वाटते."

"अर्जावर नंबर होता, मी फोनवर बोललो त्यांच्याशी. नातीचं काम बघायला मिळणार म्हणून किती आनंद झाला त्यांना! तिकीटसुद्धा पाठवलं. किती साधे आहेत हो, सारखे मलाच साहेब म्हणत होते. मोठी माणसं अशीच असतात."

घरी आभाला मंत्रिपदाची बातमी सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "आय डिडन्ट आस्क फॉर इट, बाबा," आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. राजनने बर दुबईला मीना बाजारात जाऊन तिच्यासाठी निळा ब्लेझर आणला. "दोनशे ऐंशी दिरहॅम, म्हणजे साडेसहा हजाराच्या वर गेले," असं तो दाराबाहेरून मोठ्याने म्हणाला.

वडील आले ते उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. कडक इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, हातात पिशवी, पिशवीत आंब्याचं लोणचं आणि कागदात गुंडाळलेले बूट. गाडीत सगळं सांगून टाकायचं असं राजनने ठरवलं होतं. एअरपोर्टपासून घरापर्यंत चांगला पाऊण तास मिळणार होता. त्यातली पहिली वीस मिनिटं त्याने वडिलांना इमारती दाखवण्यात घालवली.

"आभाची ड्यूटी कुठल्या दाराला आहे रे?" दत्तारामांनी विचारलं. "मेन दार असेल तर अध्यक्ष येताना सगळ्यांना उभं करायचं असतं. ते मी तिला सांगायचं विसरलो."

"अप्पा, तिला बदललंय. तिला मंत्री केलंय. शिक्षणमंत्री."

"मंत्री," ते म्हणाले. "बरं झालं. मंत्री म्हणजे मोठंच की." मग मांडीवरची पिशवी त्यांनी पायाशी ठेवली. "बूट राहू देत मग. मंत्र्यांना आवाज चालतो."

उरलेली पंचवीस मिनिटं राजन सिग्नलबद्दल बोलला.

त्या संध्याकाळी हमदुल्लाभाई बिर्याणीचं पातेलं घेऊन आले आणि दत्तारामांचे दोन्ही हात हातात घेऊन बसले. दोघांचीही गावं कोकणातली, त्यामुळे गप्पा माशांवरून सुरू होऊन पावसापर्यंत गेल्या. "चाचा, तुम्ही काय होता तिथे?" असं हमदुल्लाभाईंनी विचारलं, तेव्हा राजन पाणी आणायला उठला. आतून त्याला वडिलांचं उत्तर स्पष्ट ऐकू आलं. "शिपाई होतो. एकतीस वर्षं. एकदाही मेमो नाही." राजन ग्लास घेऊन बाहेर आला, तेव्हा हमदुल्लाभाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि परत बांगड्याच्या तिखल्याचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या दाराशी बारा फुटी बॅनर लागला होता. दत्तारामांनी पिशवी काखेत धरून, चष्मा पुसून तो सावकाश वाचला. मंजुषा आभाला घेऊन पुढे गेली होती. बॅनरपाशी बापलेक दोघेच होते.

"मी सचिव कधी झालो रे?"

"छापण्यात काहीतरी..." राजन म्हणाला.

"तू सांगितलंस?"

माणसाला चाळिशीनंतर बापासमोर मान खाली घालायची सवय राहत नाही, पण राजनची मान आपोआप खाली गेली. दत्तारामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बॅनरकडे, मग हॉलच्या दाराकडे. रागावलेले दिसले नाहीत ते. रागावले असते तर राजनला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात अरुण सबनीस हातात हार घेऊन धावत आले. "पाष्टेसाहेब! कुठे आहेत आपले प्रमुख पाहुणे?"

राजन काही बोलायच्या आत दत्तारामांनी एक पाऊल मागे घेतलं. हात पोटाशी बांधले. पाठ किंचित वाकली. एकतीस वर्षांची सवय अंगावर शर्टासारखी चढली.

"साहेबांची तब्येत बरी नाही," ते म्हणाले. "रात्रीपासून चक्कर येतेय. त्यांनी निरोप द्यायला मला पाठवलं. मी त्यांच्याकडचाच माणूस."

अरुण सबनीसांनी राजनकडे पाहिलं.

राजनजवळ तीन सेकंद होते. 'हेच माझे वडील' हे म्हणायला एक सेकंद पुरतो. पहिल्या सेकंदात त्याला बॅनर दिसला. दुसऱ्यात सुजीत, शुभ्रा वहिनी आणि ऑफिसातले ते चौघे. तिसऱ्या सेकंदात त्याने मान हलवली.

"अरेरे," अरुण सबनीस म्हणाले, आणि तो हार त्यांनी एका स्पॉन्सरच्या गळ्यात घातला.

आत लोकसभेची दैना उडाली होती. पेज झालेली आठही मुलं चिठ्ठ्या घेऊन सैरावैरा पळत होती. पंतप्रधानांच्या चिठ्ठ्या विरोधी पक्षनेत्याला गेल्या, आणि त्याने त्या मोठ्याने वाचून दाखवल्या. पाण्याचा एक जग अर्थमंत्र्यांच्या अंदाजपत्रकावर सांडला. अयान नव्या बुटांनी टाक टाक करत अध्यक्षांसमोरूनच धावला आणि गुळगुळीत फरशीवर घसरून थेट संरक्षणमंत्र्यांच्या बाकाखाली गेला. प्रेक्षकांत हशा पिकला. पोरगं उठलं ते डोळे पुसतच.

मग दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने त्याला बोटाने जवळ बोलावलं. दत्तारामांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेले बूट काढले, खाली बसून त्याच्या पायात घातले आणि पुढे थोडा कापूस कोंबला. कानात काहीतरी सांगितलं. बाकीच्या मुलांनाही एकेक करून बोलावलं. अर्ध्या तासात त्या हॉलचा नूर पालटला. चिठ्ठ्या मागून वळसा घेऊन, दोन घड्या होऊन, योग्य हातात पडू लागल्या. अयान कधी आला न् कधी गेला, कोणाला कळेना. दत्ताराम दाराशी ताठ उभे होते आणि भुवईने आठ मुलं चालवत होते. राजनने वडिलांना कामावर असं कधीच पाहिलं नव्हतं. लहानपणी ते एकदा त्याला विधान भवन दाखवायला नेणार होते, पण राजनने पोट दुखतंय म्हणून सांगितलं होतं. शाळेतलं कोणी बघेल अशी त्याला तेव्हाही भीती वाटली होती.

अरुण सबनीस शेजारी येऊन बसले. "तुमच्या वडिलांनी माणूस मात्र पारखून ठेवलाय हो," ते कौतुकाने म्हणाले. "किती वर्षं आहे तुमच्याकडे?"

"चव्वेचाळीस," राजन म्हणाला. ते त्याचं स्वतःचं वय होतं.

मागच्या रांगेत हमदुल्लाभाई बसले होते. त्यांना ऐकू गेलं असणार, कारण त्यांनी घसा खाकरला.

आभाचं भाषण आलं. निळ्या ब्लेझरमध्ये ती उभी राहिली, लिहून दिलेलं सगळं वाचलं, टाळ्या घेतल्या आणि खाली बसली. मग तिने वहीचा कोपरा फाडून काहीतरी लिहिलं, दोन घड्या घातल्या आणि हात वर केला. अयान आला. चिठ्ठी घेऊन तो अध्यक्षांच्या मागून गेला, विरोधी बाकांना वळसा घालून प्रेक्षकांत आला आणि राजनच्या हातात ती ठेवून निघून गेला. अयानने ती वाचली नव्हती.

चिठ्ठीत इंग्रजीत एकच ओळ होती. बाबा, कॅन आजोबा प्लीज सिट डाउन?

दत्ताराम अडीच तास उभे होते. गुडघे खरोखरच दुखत होते त्यांचे. राजनने सांगितलेल्या सबबींपैकी तेवढीच खरी होती. राजन उठला. आता जाऊन हाताला धरून त्यांना आपल्या खुर्चीवर आणून बसवायचं, आणि अरुण सबनीस काय, अख्खी लोकसभा ऐकेल अशा आवाजात 'अप्पा' म्हणून हाक मारायची, असं त्याने ठरवलं. मुलांनी मिळवलेल्या त्या शांततेत त्याचे महागडे चामडी बूट टाक टाक वाजत दारापर्यंत गेले. दोनशे माणसं वळून बघू लागली. अरुण सबनीसही लगबगीने मागोमाग आले.

राजन वडिलांसमोर उभा राहिला. ओठ हलले. "अ..." एवढंच झालं.

दत्तारामांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यामागे उभ्या असलेल्या अरुण सबनीसांकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हलक्या, नम्र आवाजात म्हणाले, "सभा चालू आहे. इथे उभं राहता येत नाही, साहेब."

ते 'साहेब' अरुण सबनीस ऐकत होते म्हणून होतं, की दुसऱ्या कशासाठी, हे राजनने अजून विचारलेलं नाही. वडील आठ दिवस राहिले, लोणचं संपवायला सांगून बदलापूरला परत गेले, आणि त्यांनी तो विषय काढला नाही. रविवारचा कॉल अजून येतो. आभा बोलते, समोरच्या घरातून अयानही येऊन बोलतो. आता राजन जवळ जाऊन बसतो, आणि आपलं नाव निघेल म्हणून वाट बघतो.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी राजन मागे वळला आणि आपल्या जागेवर परत निघाला. जागा बरीच लांब होती, आणि तेवढ्या मोठ्या हॉलमध्ये बूट फक्त त्याचेच वाजत होते.